९०० डिग्रीच्या भट्टीत फायबर ग्रेटिंग टिकवायचं कसं: सीड मागवण्यापासून प्रोब बसवेपर्यंत

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, मूळ धंदा भट्ट्यांच्या इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा जोड) बदलून दे, कंट्रोलर कॅलिब्रेट करून दे, पॅनल भर, असलं सगळं. काही वर्षांपूर्वी एका इंडक्शन हार्डनिंगवाल्या (विजेच्या कॉइलनं पोलाद तापवून कडक करणाऱ्या) काकांकडे थर्मोकपल काही केल्या सरळ रीडिंग देईना, कॉइल चालू झाली की आकडा नाचायला लागायचा आणि बंद केली की परत गपगार. शील्डिंग केलं, अर्थिंग बदललं, वायर दुसऱ्या बाजूनं फिरवून आणली, काका म्हणाले, ‘‘अरे तू वायरीच बदलत बसणार का आता पुढच्या दसऱ्यापर्यंत?’’ तिथून मी फायबर ग्रेटिंगच्या नादाला लागलो. काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून उजेडावर तापमान मोजायचं, वीज तिथे जातच नाही, त्यामुळे कॉइलला काय करायचं ते करू दे.

आता आधीच सांगतो, एका ठिकाणचं तापमान हवं असेल आणि आजूबाजूला इंडक्शन वगैरे काही नसेल तर हा लेख इथेच सोडा आणि के-टाइप थर्मोकपल लावून मोकळे व्हा. ग्रेटिंग वाचणारा इंटरोगेटर लाखांत जातो. हे परवडतं कधी, तर एकाच फायबरवर चार-पाच पॉइंट हवे असतील, किंवा विजेचा गोंगाट असेल, किंवा जागा इतकी चिंचोळी असेल की सव्वाशे मायक्रॉनच्या धाग्याशिवाय आत काही जाणारच नाही.

साधं ग्रेटिंग गरम भट्टीत का मरतं

ग्रेटिंग म्हणजे फायबरच्या गाभ्यात ठरावीक अंतरावर काचेचा अपवर्तनांक किंचित कमी-जास्त केलेला असतो, फणीच्या दातांसारखा. १५५० नॅनोमीटरसाठी दोन दातांमधलं अंतर साधारण ५३५ नॅनोमीटर येतं. एक विशिष्ट तरंगलांबी तेवढी परत फिरते, बाकीचा उजेड पुढे निघून जातो. फायबर तापलं की काच थोडी प्रसरण पावते आणि तिचा अपवर्तनांक बराच बदलतो, म्हणून परत येणारी तरंगलांबी वर सरकते. नॉर्मल तापमानाला हा सरकण्याचा वेग डिग्रीला साधारण १० पिकोमीटर, आणि त्यातला मोठा वाटा अपवर्तनांकाचा असतो, प्रसरणाचा अगदी थोडका.

हे दात अल्ट्राव्हायोलेट लेसरनं पाडलेले असतात. १९७८ साली कॅनडात ओटावाला केनेथ हिल आणि मंडळींना हे पहिल्यांदा दिसलं, १९८९ साली मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी बाजूनं लेसर मारून लिहायची पद्धत दाखवली, १९९३ मध्ये फेज मास्क (लेसर ज्यातून मारला की दात आपोआप हव्या त्या अंतरावर पडतात ती रेघांची काच) आला आणि काम सोपं झालं. पण अशा ग्रेटिंगमधला बदल काचेत पक्का मुरलेला नसतो. दोनशे-तीनशे डिग्रीच्या वर गेलं की तो हळूहळू विरायला लागतो, सहाशे-सातशेपर्यंत बहुतेक खलास.

गंमत अशी की हायड्रोजन भरलेल्या फायबरमध्ये लिहिलेलं जोरदार ग्रेटिंग तुम्ही ९०० डिग्रीच्या आसपास नेलंत तर ते आधी पुसलं जातं आणि मग त्याच जागी, त्याच अंतरानं, नवीन ग्रेटिंग उगवतं. ते मात्र हजार डिग्रीला टिकतं. स्वीडनच्या मायकेल फोकिने यांचं २००२ चं काम यातलं सुरुवातीचं, आणि २००८ मध्ये सोमनाथ बंडोपाध्याय, जॉन कॅनिंग आणि सहकाऱ्यांनी बोरॉन घातलेल्या फायबरमध्ये हे करून दाखवलं. बंडोपाध्याय आपल्या कोलकात्याच्या सीजीसीआरआयचे (केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेचे), म्हणजे हे सगळं काही परदेशातच होतं असं समजू नका. याला रीजनरेटेड ग्रेटिंग म्हणतात, आणि सुरुवातीच्या ग्रेटिंगला सीड. बियाणंच म्हणा की.

दुसरा रस्ता फेमटोसेकंद लेसरनं काचेत कायमची इजा करून लिहिलेल्या ग्रेटिंगचा. तीही हजारापर्यंत टिकतात, पण ती तयारच विकत घ्यावी लागतात, आपल्या हातात काही नाही. रीजनरेशनला फक्त चांगली ट्यूब फर्नेस आणि दम लागतो, म्हणून मी तेच सांगतोय.

सीड मागवताना काय बोलायचं

हायड्रोजन लोडिंग आणि लेसर हे दोन्ही आपण करायचं नाही. शंभर ते दोनशे बार दाबाखाली फायबर कित्येक दिवस हायड्रोजनमध्ये ठेवावं लागतं, आणि हवेत ४ ते ७५ टक्के यातल्या कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो. शेडमध्ये वेल्डिंग चाललेलं असताना लाल सिलिंडर आणून हा खेळ करायची अवदसा आठवू नका. ज्यांच्याकडे परवानग्या आणि सेटअप आहे त्यांच्याकडून सीड लिहून घ्या.

ऑर्डरमध्ये चार गोष्टी स्पष्ट लिहा, फोनवर बोलून सोडू नका. फायबर हायड्रोजन लोड करूनच लिहिलेलं हवं. ट्रान्समिशनमधली खोली, म्हणजे पुढे जाणाऱ्या उजेडात त्या तरंगलांबीला पडणारा खड्डा, किमान ३० डीबी हवी. लिहिल्यावर त्यांनी अ‍ॅनील करायचं नाही, म्हणजे तापवून स्थिर करायचं नाही. आणि जिथे ग्रेटिंग आहे तिथे परत कोटिंग चढवायचं नाही, उघडंच द्यायचं, डबीत नीट ठेवून. लांबी १० मिलिमीटर आणि एका बाजूला दोनेक मीटर शेपूट असली की पुरे.

खोलीवर मी एवढा का अडून बसतो ते सांगतो, कारण इथे स्वस्तात घेतलेलं सीड नंतर रडवतं. रीजनरेशननंतर दातांचा जोर मूळच्या साधारण दहाव्या भागावर येतो असं धरा. ३० डीबीचं सीड असेल तर गणितानं रीजनरेटेड ग्रेटिंगचं परावर्तन १५ टक्क्यांच्या आसपास येतं. २० डीबीचं असेल तर ८-९ टक्के. ४० डीबीचं मिळालं तर २३-२४ टक्के. आता तुमच्या फायबरचं टोक सपाट तुटलेलं असेल तर त्या टोकावरूनच जवळपास साडेतीन टक्के उजेड परत येतो, म्हणजे कमजोर सीड घेतलंत तर पीक, म्हणजे परत येणाऱ्या उजेडाचा ग्राफवरचा सुळका, त्या गोंधळात अर्धं बुडालेलंच दिसणार.

एका फायबरवर अनेक पॉइंट हवे असतील तर तरंगलांबी वाटून घेताना घाई करू नका. खोलीच्या तापमानापासून हजार डिग्रीपर्यंत एक ग्रेटिंग साधारण १३ ते १४ नॅनोमीटर वर सरकतं. दोन शेजारच्या ग्रेटिंगमध्ये त्यापेक्षा कमी अंतर ठेवलं आणि एक गरम, एक गार राहिलं, तर दोन्ही पीक एकमेकांवर चढतात आणि इंटरोगेटरला कोण कुठलं ते कळत नाही. मी १८ नॅनोमीटर सोडतो. ८० नॅनोमीटरची रेंज असलेल्या इंटरोगेटरवर म्हणजे चार ग्रेटिंग आरामात, पाचवं ओढूनताणून.

हात लावायच्या आधी

हा भाग वाचून सोडून देऊ नका, आमची निम्मी ग्रेटिंग इथेच मेली.

पहिलं, बोटं. आमच्याकडे कामाला एक पोरगा होता, हुशार, हात स्थिर, पण दुपारी फरसाण खाऊन तसाच येऊन बसला आणि उघडं फायबर चिमटीत धरून नळीत ओवलं. ११०० डिग्रीचा टप्पा झाला, गार केलं, बाहेर काढून बघतो तर जिथे बोट लागलं होतं तिथे काचेवर दुधी, खडूसारखा ठिपका, आणि नुसतं टेबलावर ठेवताना फायबर तिथूनच दोन तुकडे. हाताच्या घामातलं सोडियम काचेला चिकटलं की उंच तापमानाला त्या जागी काचेचं स्फटिकीकरण सुरू होतं, क्रिस्टोबलाइट बनतं, आणि गार होताना ते तडकतं. क्वार्ट्झची नळी वापरणाऱ्या लोकांना हे चांगलं माहीत असतं, ते नळीला उघड्या हातानं शिवत नाहीत. तर पावडर नसलेले नायट्राइल ग्लोव्ह घाला, आणि नळीत घालायच्या आधी उघडा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या धागे न सुटणाऱ्या टिश्यूनं एकाच दिशेनं एकदा पुसा, पुढे-मागे घासू नका.

दुसरं, कोटिंग. साधं अ‍ॅक्रिलेट कोटिंग ८५ डिग्रीपर्यंतचं असतं, पॉलिइमाइड तीनशेच्या आसपास. भट्टीच्या आत जाणारा सगळा भाग उघडा हवा. काही लोक कोटिंग भट्टीतच जळू देतात, पण त्याची काजळी राहते आणि मला ते पटत नाही. स्ट्रिपरचं पातं काचेला घासलं की डोळ्याला न दिसणारा ओरखडा पडतो आणि फायबर तिथून तुटतं, म्हणून आम्ही अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून कोटिंग फुगवतो आणि मग टिश्यूनं ओढून काढतो. वेळ जातो, पण लांबच्या लांब पट्टा एकसंध निघतो. अ‍ॅसिटोनची बाटली भट्टीपासून लांब, हे सांगायला नको.

तिसरं, तुकडे. तुटलेलं फायबर कपड्यात किंवा बोटात गेलं तर काट्यासारखं रुततं आणि दिसतही नाही. झाकणाच्या जुन्या बाटलीत सगळे तुकडे टाका, टेबलावर काळा कागद ठेवा, त्या टेबलावर डबा उघडून जेवू नका.

नळी आधी ठरवा, अ‍ॅनील नंतर

बहुतेक जण आधी रीजनरेट करतात आणि मग प्रोब बनवायला घेतात, तिथेच फसतात. ९०० डिग्रीत जाऊन आलेलं उघडं फायबर भयंकर ठिसूळ झालेलं असतं, त्याला परत हातात घेऊन दुसऱ्या नळीत ओवणं म्हणजे शेवईला सुईत ओवण्यासारखं. आम्ही सीड ज्या नळीत जन्मभर राहणार आहे त्याच नळीत घालून भट्टीत टाकतो.

नळी कुठली, तर थर्मोकपलवाले जे अ‍ॅल्युमिनाचे (पांढऱ्या सिरॅमिकचे) भोकाचे इन्सुलेटर वापरतात ना, तेच. दोन भोकांचे नेहमी मिळतात, पण चार भोकांचा मिळाला तर सोनं: दोन भोकांत एस-टाइप (प्लॅटिनमच्या) थर्मोकपलच्या दोन तारा, तिसऱ्यात फायबर, चौथं रिकामं. थर्मोकपलचा जोड ग्रेटिंगच्या अगदी शेजारी येतो, त्यामुळे कॅलिब्रेशनला वाद उरत नाही. माल मात्र ९९.७ टक्के शुद्धतेचा मागा. हलक्या सिरॅमिकमध्ये अल्कली असते आणि ती काचेचं तेच करते जे फरसाणाच्या बोटांनी केलं. हे इन्सुलेटर बाहेरून एका बाजूनं बंद असलेल्या अ‍ॅल्युमिना नळीत जातात.

आता फायबर चिकटवायचं कुठे. फक्त थंड टोकाला, एकाच जागी. आत गरम टोक मोकळं लोंबकळत राहिलं पाहिजे आणि बंद टोकापासून १० मिलिमीटर जागा सोडलेली असली पाहिजे. गणित करून बघा: अ‍ॅल्युमिना डिग्रीला दहा लाखांत साधारण ८ भाग वाढतं, काच जेमतेम अर्धा भाग. ३०० मिलिमीटरची नळी ९०० डिग्रीला गेली की नळी २ मिलिमीटरहून जास्त वाढते आणि फायबर वाढतं ०.१४ मिलिमीटर. दोन्ही टोकं चिकटवलेली असली तर फायबरवर साडेसहा हजार मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखांत साडेसहा हजार भाग) ताण बसतो. एका मायक्रोस्ट्रेनला १.२ पिकोमीटर, म्हणजे जवळजवळ ८ नॅनोमीटरचं खोटं रीडिंग, आणि ते सुद्धा फायबर तुटलं नाही तर. शिवाय हजाराच्या आसपास ताणलेली काच हळूहळू लांबत जाते, म्हणून हलकासा ताणसुद्धा नको. पहिल्यांदा मी ‘‘सरळ राहावं’’ म्हणून टोकाला थेंबभर सिरॅमिक सिमेंट लावलं होतं. सरळ राहिलं, तुटेपर्यंत.

आतलं टोक क्लीव्हरनं (फायबर कापायच्या हत्यारानं) सरळ कापू नका, तिरपं कापा किंवा तिरपं मोडा, म्हणजे टोकावरून येणारा उजेड गाभ्यात परत शिरत नाही. स्प्लाइस (दोन फायबरचा वितळवून केलेला जोड) भट्टीच्या बाहेर, प्रोबच्या मागच्या टोकावरच्या डबीत, म्हणजे थंड डोक्यात, कारण स्प्लाइसची श्रिंक स्लीव्ह म्हणजे प्लास्टिकच. कनेक्टर हिरवा एपीसी (तिरप्या तोंडाचा) घ्या.

भट्टीचा दिवस

आधी रिकाम्या ट्यूब फर्नेसमध्ये थर्मोकपल सेंटिमीटर-सेंटिमीटर सरकवून बघा की तापमान सपाट कुठे आहे. आमच्या भट्टीत ते मधले पाच-सहा सेंटिमीटरच निघाले. ग्रेटिंग त्याच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे, नाहीतर एक टोक गरम, एक कमी गरम होऊन पीक पसरतं किंवा त्याला दोन शेंड्या फुटतात. नळीवर मार्करची खूण करून ठेवा.

दिवस कुठला घ्यायचा? गुरुवार सोडून कुठलाही. आमच्या भागात गुरुवारी लाइट जायची शक्यता धरूनच चालायचं असतं, आणि मी एकदा शहाणपणा करून गुरुवारी सकाळी रॅम्प (भट्टी ठरलेल्या वेगानं तापवणं) चालू केला, साडेअकराला ८७० वर असताना पंखे थांबले. इंटरोगेटर यूपीएसवर होता, त्यामुळे पीक हळूहळू उलटं खाली येताना नीट रेकॉर्ड झालं, एवढंच समाधान.

रॅम्प आम्ही असा ठेवतो: ७०० पर्यंत मिनिटाला १० डिग्री, तिथून ९०० पर्यंत मिनिटाला ५, मग ९०० वर थांबायचं. तुमच्या फायबरमध्ये बोरॉन असेल तर रीजनरेशन यापेक्षा खालच्या तापमानालाही सुरू होऊ शकतं, म्हणून ८०० पासूनच स्क्रीनसमोर बसा. इंटरोगेटर नुसते पीकचे आकडे दाखवत असेल तर त्याला पूर्ण स्पेक्ट्रमवर टाका आणि पीक पकडायची थ्रेशोल्ड खाली आणा. हे विसरलात तर पुढच्या टप्प्याला स्क्रीन कोरी दिसेल आणि घाबरून चूक कराल.

काय दिसतं ते क्रमानं सांगतो. तापत जाताना पीक उजवीकडे सरकत जातं, ९०० ला पोचेपर्यंत ११ ते १२ नॅनोमीटर सरकलेलं असतं. तीनशे-चारशेच्या पुढे त्याची उंची उतरायला लागते. सातशेच्या पुढे चांगलीच. ९०० वर थांबलात की ते खचत खचत जातं, आधी सुळका, मग टेकाड, मग नॉइजमध्ये एक पुसटशी सूज, आणि मग काहीच नाही.

इथे भट्टी बंद करायची नाही. हे मोठ्यानं सांगतोय कारण मी पहिली तीन सीड इथेच घालवली. पीक गेलं, म्हटलं गेलं, मेलं, स्विच ऑफ. दोन हप्त्यांनी चौथं टाकलं तेव्हा मी चहाला खाली टपरीवर गेलो होतो म्हणून भट्टी चालू राहिली, नाहीतर तेही बंद केलं असतं. वर येऊन बघतो तर कोऱ्या रेषेवर मुगाएवढा उंचवटा. वाटलं कनेक्टर हलला असेल. जंपर (जोडायची फायबर केबल) हलवून बघितला, तसाच. पाच मिनिटांनी बघितलं तर जरा मोठा. मग खुर्ची ओढून बसलो आणि ते वाढताना बघत राहिलो.

कोरी रेषा किती वेळ राहते हे फायबरवर आणि तुमच्या रॅम्पवर अवलंबून, आमच्याकडे दहा ते वीस मिनिटं जातात. मग वाढायला लागतं, आधी भरभर, मग सावकाश, मग थांबतं. दर पाच मिनिटांनी उंची वहीत लिहा. सलग चार-पाच नोंदी सारख्या आल्या की झालं. मूळ सीडच्या उंचीशी तुलना करून निराश होऊ नका, ते तसं होणार नाहीच.

यानंतर पक्कं करायचं. नियम असा की ज्या तापमानाला प्रोब रोज राहणार त्याच्या किमान शंभर डिग्री वर नेऊन ठेवायचं. ९०० ला वापरणार असाल तर १००० ते ११०० वर तासभर तरी. यात उंची अजून थोडी उतरते आणि मग स्थिरावते. ११०० च्या वर मी जात नाही, तिथून पुढे काच मऊ पडायच्या वाटेला लागते. प्रयोगशाळेत १२०० च्या वरही रीजनरेटेड ग्रेटिंग नेलेली आहेत, पण प्रयोगशाळेतला तास वेगळा आणि गिऱ्हाइकाच्या भट्टीतलं वर्ष वेगळं.

गार करताना मिनिटाला ५ डिग्री. झाकण उघडून फॅन लावायचा मोह होतो संध्याकाळी सहा वाजता, तो आवरा. गार झाल्यावर तरंगलांबी सीडपेक्षा थोडी खाली आलेली दिसेल, ते बरोबरच आहे, सीडमध्ये लेसरनं वाढवलेला सरासरी अपवर्तनांक निघून गेलेला असतो.

कॅलिब्रेशन: इथे १० पिकोमीटर विसरा

डेटाशीटवर डिग्रीला १० पिकोमीटर लिहिलेलं असतं आणि लोक तेच सगळीकडे वापरतात. खोलीत ते खरं आहे. हजार डिग्रीजवळ तोच आकडा १५-१६ पर्यंत जातो. समजा ग्रेटिंग १३.२ नॅनोमीटर सरकलं आणि तुम्ही सरसकट १० नं भागलंत, तर उत्तर येतं १३४५ डिग्री, आणि भट्टी असते १००० वर. एवढ्या फरकानं हीट ट्रीटमेंटवाला तुम्हाला गेटवरूनच परत पाठवेल.

म्हणून १०० पासून १००० पर्यंत शंभर-शंभरच्या पायरीनं चढा, प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबा, एस-टाइपचं रीडिंग आणि तरंगलांबी दोन्ही लिहा. मग त्याच पायऱ्यांनी उतरा. चढतानाचे आणि उतरतानाचे आकडे जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर तरंगलांबी अजून सरकतेय, परत वरच्या तापमानाला ठेवा. जुळले की एक्सेलमध्ये तिसऱ्या घाताचं समीकरण बसवा, सरळ रेषा नाही, आणि ते इंटरोगेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला.

थर्मोकपलवरही संशय असेल तर एक जुनी युक्ती आहे, शुद्ध धातू गोठताना त्याचं तापमान एका जागी थांबतं. कथील २३१.९३, जस्त ४१९.५३, अ‍ॅल्युमिनियम ६६०.३२, चांदी ९६१.७८. ग्रॅफाइटच्या मुशीत शुद्ध जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम वितळवा, बंद टोकाची प्रोब आत बुडवा, भट्टी सावकाश उतरवा आणि तरंगलांबीचा ग्राफ बघा. उतरत उतरत येतो आणि एका ठिकाणी पायरीसारखा सपाट होतो, धातू पूर्ण गोठला की परत उतरायला लागतो. अ‍ॅल्युमिनियम असेल तर तो सपाट भाग म्हणजे ६६०.३२. भंगारातली कढई वितळवून हे करू नका, भांड्याचा धातू मिश्र असतो आणि पायरीच्या जागी उतार दिसतो. प्रोबची अ‍ॅल्युमिना नळी मात्र कुठे तडकलेली नाही ना हे आधी उजेडात फिरवून बघा, वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम काचेला खाऊन टाकतं.

कुठे लावायची, कुठे नाही

इंडक्शन कॉइलच्या आत धातूचं शीथ (बाहेरचं कवच) चालणार नाही, ते शीथच तापेल आणि तुम्ही त्याचं तापमान मोजत बसाल. तिथे नुसतं अ‍ॅल्युमिना. साध्या हार्डनिंगच्या भट्टीत बाहेरून इनकोनेल ६०० (निकेलचा मिश्रधातू) चं शीथ घाला, नाहीतर ट्रे आत ढकलताना एखादा धक्का आणि सिरॅमिक गेलं.

गॅस कार्बुरायझिंगची (पोलादाच्या पृष्ठभागात वायूतून कार्बन मुरवायची) भट्टी ९००-९३० ला चालते म्हणून मोह होतो, पण पहिली प्रोब तिथे लावू नका. त्या वायूत हायड्रोजन भरपूर असतो, तापलेल्या धातूतून तो आत शिरतो आणि काचेत घुसून उजेड खायला लागतो, १३८० नॅनोमीटरच्या आजूबाजूला तर फारच. फोर्जिंगच्या भट्ट्या, चाकण-भोसरीत ज्या पावलोपावली आहेत, त्या ११५० ते १२५० ला चालतात, तिथे सिलिकाचं फायबर आतमध्ये घालायचंच नाही. तिथे सफायरचं फायबर लागतं, ते दोन हजार डिग्रीच्या पुढे वितळतं, आणि त्याची किंमत ऐकून आमच्या काकांनी नुसतं हात जोडले.

बसवताना भिंतीच्या भोकात नळी सैल बसली पाहिजे, मागे सिरॅमिक वूल भरा, आणि थंड डोकं भट्टीच्या कातड्यापासून किमान हातभर लांब आणा. डोक्यावर बोट ठेवून चटका बसत असेल तर ते थंड डोकं नाही, आतलं अ‍ॅक्रिलेट सुकत चाललंय. जंपर केबल जमिनीवरून नेऊ नका, ट्रॉलीचं चाक एकदाच जावं लागतं. आणि कनेक्टर जोडायच्या आधी दर वेळी पुसा, शेडमधल्या तेलकट धुळीचा एक कण बसला तरी आधीच १५ टक्क्यांचं असलेलं पीक अजून खाली जातं आणि तुम्ही ग्रेटिंगला दोष देता.

काकांच्या कॉइलवरच्या प्रोबला मी दर महिन्याला एकदा गार भट्टीत बघतो, सोमवारी सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी. गार तापमानाची तरंगलांबी आणि पीकची उंची वहीत जाते. तरंगलांबी ५० पिकोमीटरपेक्षा जास्त हललेली असेल तर प्रोब काढून परत कॅलिब्रेट. उंची निम्मी झाली तर आधी कनेक्टर, मग स्प्लाइस, मग ग्रेटिंग, या क्रमानं शोधायचं, आणि आजपर्यंत दहापैकी नऊ वेळा कनेक्टरच निघालाय.